पांढरी पेशी ‘कठीण’ होते की ‘ताठर’?

प्रश्न असा आला आहे : ‘दाहक संकेतांमुळे पांढऱ्या पेशी कठीण होतात’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘कठीण’ऐवजी कडक, घट्ट किंवा ताठर यांपैकी कोणता शब्द घ्यावा? माझे मत निःसंशय ‘ताठर’च्या बाजूचे आहे, मात्र ते पटण्यासाठी ही पेशी नेमके काय करते, हे आधी पाहायला हवे.

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात तरंगत असताना साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, जवळजवळ गोल असते. फुप्फुसांतल्या कित्येक केशवाहिन्या मात्र ५-६ मायक्रोमीटर रुंदीच्याच असतात. तिथून पुढे सरकायचे, तर पेशीला अंग चोरून लांबट व्हावे लागते. अशा वेळी जिवाणूंच्या प्रथिनांचे, फॉर्मिल हा छोटा रासायनिक गट असलेले तुकडे (हाच येथला संकेत) तिच्या पृष्ठभागावरील ग्राहींना, म्हणजे संकेत ओळखणाऱ्या रेणूंना, चिकटले, की ॲक्टिन या प्रथिनाचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पेशीपटलाच्या आतल्या बाजूस तंतूंचे दाट जाळे तयार होते. पेशी तेवढीच राहते, पण वाकेनाशी होते आणि केशवाहिनीच्या तोंडाशी अडकते. ॲक्टिनची जुळणी रोखणारे सायटोकॅलासिन हे रसायन आधीच दिले, तर हा बदल बऱ्याच अंशी टळतो.

म्हणजे येथे प्रश्न वाकण्याचा आहे, आणि न वाकणाऱ्या वस्तूला मराठीत ताठर म्हणतात. ‘काठिण्य’ हा खनिजांच्या संदर्भात रुळलेला शब्द असून ओरखड्याला होणारा विरोध त्यातून कळतो. पेशीवर कोणी ओरखडा काढत नाही. ‘कडक’ म्हटले की वाळलेले, मोडणारे काहीतरी डोळ्यांसमोर येते. ‘घट्ट’ सर्वांत फसवा, कारण तो दाट द्रवालाही लागतो, आणि पेशीच्या आतल्या द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, हा ताठरतेहून वेगळा, स्वतंत्रपणे मोजला जाणारा गुणधर्म आहे. ‘ताठरपणा’ माणसाच्या स्वभावाकडे झुकतो, म्हणून मोजण्याच्या राशीसाठी मी ‘ताठरता’ लिहीन. ती पास्कल या एककात मांडता येते.

विरुद्धार्थी शब्द निवडतानाही जपावे लागते. ‘लवचीक’ चालेल, ‘स्थितिस्थापक’ चालणार नाही, कारण स्थितिस्थापकता म्हणजे ताण निघाल्यावर मूळ आकारावर परतणे. पोलाद रबराहून कितीतरी ताठर, तरी त्याचा स्थितिस्थापकता गुणांक रबराहून कितीतरी मोठा असतो, हे लक्षात घेतले की घोटाळा कुठे होतो ते कळते.

‘दाहक संकेत’ हा शब्दप्रयोग मात्र मला अधिक खटकतो. दाहक म्हणजे जाळणारा. आम्ल दाहक असते, संकेत नव्हे. ‘दाहसूचक’ म्हटले, तर दाह झाल्याची केवळ खूण एवढाच अर्थ निघतो; येथे मात्र सांगायचे आहे ते दाह घडवून आणणाऱ्या रेणूंबद्दल. त्यासाठी ‘दाहजनक’ हा शब्द नेमका आहे. आता इन्फ्लमेशनसाठी मुळात ‘दाह’च का, असे कोणी विचारील. लाली, सूज, उष्णता आणि वेदना या चार जुन्या लक्षणांपैकी ‘शोथ’ सुजेला धरतो, ‘दाह’ उष्णतेला, आणि ‘दाहयुक्त सूज’ दोन्हींना; पण ‘जनक’सारखे पद पुढे जोडायचे असेल तिथे हा लांब जोडशब्द जड होतो.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. ‘ताठर असते’ आणि ‘ताठरते’ यांत फरक आहे, कारण ही अवस्था टिकणारी नाही : सुरुवातीला ताठरलेली पेशी काही मिनिटांनी पुन्हा सैलावू शकते, आणि वाहिनीच्या भिंतीतून ऊतीत शिरताना तिला तो मऊपणा लागतोच. मराठीत ‘ताठरणे’ हे क्रियापद तयार असताना ‘ताठरता प्राप्त होते’ असे लिहिण्याचे कारण नाही.

तेव्हा वाक्य असे करावे : ‘दाहजनक संकेत मिळताच पांढऱ्या पेशी ताठरतात.’