संहिता कच्ची असतानाच मुलांना विचार

नागपूर

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि नाटकाचा खर्डा, दोन्ही मिळाले. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी नाटक करायचे आणि त्याच्या घडणीत मुलांचा सहभाग हवा, असे तू लिहिले आहेस. पुढच्याच ओळीत मात्र तालमी संपत आल्यावर दोन-तीन शाळांतल्या मुलांना बोलावून अभिप्राय घेणार असल्याचे कळवले आहेस. या दोन वाक्यांचे एकमेकांशी जमत नाही, आणि हे पत्र त्याविषयीच आहे.

आपल्याकडचा तान्हा पोळा आठव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी घेऊन दारोदार हिंडतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. सण त्यांचाच म्हणून ओळखला जातो. पण सजावटीची स्पर्धा आली की देखाव्याचा विषय वडील ठरवतात, रात्री जागून नंदी आई सजवते, आणि मुलाच्या हातात उरते ती फक्त दोरी. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. मुलांना आपल्या हेतूसाठी वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे या तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. शेवटच्या आठवड्यात घेतलेला अभिप्राय या तिसऱ्या पायरीवरचा असतो, कारण तोवर नेपथ्य उभे राहिलेले असते, पाठांतर झालेले असते, सभागृहाची तारीख ठरलेली असते, आणि मुलाने कितीही मोलाचे सांगितले तरी बदलता येण्याजोगे फारसे काही उरलेले नसते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. परीक्षेत नापास झालेल्या आणि घरी जायला घाबरणाऱ्या एका मुलाचे नाटक आम्ही बसवले होते. रंगीत तालमीला मुले बोलावली, शिक्षकांना मागच्या रांगेत बसवले आणि शेवटी ‘कसे वाटले?’ असे विचारले. सगळ्यांनी एका सुरात ‘छान!’ म्हटले. नंतर बाहेर चपला घालताना एक मुलगी मला म्हणाली, “काका, तो आजीकडे का नाही गेला? मी तर आधी आजीकडेच गेली असती.” आमच्या नाटकात आजी नव्हतीच. तिसऱ्या दिवशी प्रयोग होता; तो ठरल्याप्रमाणे झाला, टाळ्याही पडल्या, पण ती आजी त्या नाटकात कधीच आली नाही.

म्हणून हा खर्डा आताच, खाडाखोड करता येते तोवर, मुलांच्या हाती दे. आठ मुले पुरेत. ती सगळी नाट्यशिबिरातली नकोत. शिबिरातल्या मुलांना आपल्याला काय आवडते ते ठाऊक झालेले असते आणि ती तेच बोलतात. पारडी-कळमन्याकडची, वसंतराव देशपांडे सभागृहाची पायरी कधी न चढलेली दोन-चार मुले तरी असू दे. पालकांची परवानगी घे, येण्या-जाण्याचा खर्च तू कर, पोटभर पोहे दे आणि शिक्षकांना त्या तासापुरते बाहेर बसव. ‘आवडले का?’ हा प्रश्न टाळ, कारण त्याचे उत्तर सभ्यपणाच देतो. प्रवेश मध्येच थांबवून ‘आता हा काय करेल?’ असे विचार. मुलांनाच मोठ्याने वाचू दे आणि जीभ जिथे अडखळते तिथे त्यांनाच पेन्सिलीने खूण करू दे. तुझ्या खर्ड्यातला नागपूरच्या महाल भागातला मुलगा मित्राला ‘काय करतो आहेस रे?’ असे विचारतो. मला खात्री आहे की तिथे कोणीतरी हसेल आणि ‘काय करून राहिला बे?’ असे सुचवेल. ते ‘बे’ स्पर्धेच्या परीक्षकांना रुचेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि खरे सांगायचे तर मला तो फार महत्त्वाचा वाटत नाही.

मुले रंगमंचावर असली म्हणजे सहभाग झाला, असे मात्र समजू नकोस. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यगृहाची पद्धत पुण्यात आली. तीत मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात, तरी घरातले आणि शाळेतले प्रश्न मुलांच्या बाजूने मांडले जातात.

मुले सांगतील ते सगळे मानायचे का, असा प्रश्न तुला पडेल. ती भूत मागतील, मारामारी मागतील, शेवटी सगळ्यांना मोबाइल मिळावा म्हणतील. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे (१९८९) बारावे कलम वाच. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. मुलाच्या मताला त्याच्या वयानुसार आणि समजेनुसार योग्य वजन द्यावे, असे ते कलम सांगते. वजन देणे म्हणजे आज्ञा पाळणे नव्हे. नाटकाच्या संहितेची जबाबदारी तुझीच राहील. पण जी सूचना तू नाकारशील तिचे कारण पुढच्या बैठकीत मुलांना समोर बसवून सांग, आणि जी घेशील ती कुठे घातलीस ते दाखव. हे नंतरचे सांगणे आपण बहुतेक सगळेच विसरतो, आणि मग तिसऱ्या बैठकीला आठातली तीनच मुले येतात.

खर्डा परत पाठवतो आहे. तिसऱ्या प्रवेशातल्या गुरुजींच्या दोन पानी भाषणाबद्दल मला बरेच काही म्हणायचे आहे, तरी मी मुद्दाम एकही खूण केलेली नाही. मुलांच्या पेन्सिलीच्या खुणा झाल्या की तीच प्रत मला दाखव.

सस्नेह,
तुझा काका