नोव्हेंबरात दयारा बुग्याल: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत भरपूर फिरलेल्यांना उत्तराखंडातल्या या बुग्यालवर, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणावर, दम कमी पडत नाही, घात करतो तो घाम. पायथ्याच्या बारसू गावाहून ओक-बुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून चढताना बनियन भिजतो आणि झाडी संपून ११ हजार फुटांवरच्या कुरणात पोचलात की वारा थेट अंगाला झोंबतो. सुती कपडे घरीच ठेवा. चढताना एक थर काढा, थांबलात की लगेच जाकीट चढवा. थंडी वाजायची वाट बघू नका.

सकाळी जंगलात वरून नुसता कोरडा पाला दिसतो, खाली मात्र पाणी गोठलेलं असतं. आधी काठी टेका, मग पूर्ण तळवा. पुढच्यापासून दोन-तीन पावलं अंतर सोडा, नाहीतर तो घसरला की तुम्हीही गेलात. सर्वात हळू चालणारा पुढे, अनुभवी माणूस शेवटी.

रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. मोबाइल, पॉवरबँक स्लीपिंग बॅगेत. संध्याकाळी साडेपाचलाच अंधारू लागतं, तेव्हा दुपारी दोनला माघारी वळा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर लपवू नका, लगेच सांगा. वर चढायचं नाही. आराम पडेना तर कुणाला तरी सोबत घेऊन खाली उतरायचं.