मिसिसिपी बर्निंग बघून चळवळ कळेल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतली नागरी हक्क चळवळ, म्हणजे काळ्या लोकांचा समान हक्कांचा लढा, समजून घ्यायला 'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) बघू का. थरारपट म्हणून खुशाल बघा, जीन हॅकमन कमाल आहे आणि कॅमेऱ्याला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण चळवळीसाठी नको, त्या बाबतीत माझी घोर निराशा झाली आणि परत बघितल्यावर तर संतापच आला.

मूळ घटना अशी. २१ जून १९६४, मिसिसिपीतली नेशोबा काउंटी. चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे चळवळीचे तीन कार्यकर्ते जाळलेलं चर्च बघून परत येत होते, डेप्युटी शेरीफने गाडी अडवून तुरुंगात टाकलं, रात्री सोडलं, आणि पुढे रस्त्यात पुन्हा गाठून क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या टोळीने तिघांनाही गोळ्या घातल्या. मृतदेह ४ ऑगस्टला मातीच्या बांधाखाली सापडले. यातला जेम्स चेनी काळा, तिथल्याच मेरिडियनचा, २१ वर्षांचा, बाकी दोघं न्यूयॉर्कचे गोरे. गाडी चेनीच चालवत होता, वेग जास्त होता असं सांगून त्यालाच पकडलं होतं. आता सिनेमातला तो सुरुवातीचा प्रसंग नीट बघा, स्टिअरिंगवर गोरा मुलगा आणि काळा मुलगा मागच्या सीटवर! तिघांना नावंसुद्धा दिलेली नाहीत.

पुढे सगळा सिनेमा याच चालीने जातो. हिरो कोण, तर एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. काळी माणसं घाबरतात, मार खातात, चर्चमध्ये गातात, बोलत मात्र जवळपास नाहीत. अहो त्या उन्हाळ्यात काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी बाहेरून आलेल्या शेकडो स्वयंसेवकांना स्वतःच्या घरात ठेवून घेणारी, घर जाळतील हे माहीत असूनही मतदार नोंदणीला जाणारी माणसं हीच होती ना, त्यांचं धाडस कुठंय? आणि प्रमुख जे. एडगर हूव्हरच्या ज्या एफबीआयला देवदूत केलंय ती त्याच काळात मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकत होती.

शेवटही खटकतो. एकेकाला अटक, पडद्यावर शिक्षेची वर्षं, म्हणजे न्याय झाला असं वाटून आपण उठतो. खरं तर मिसिसिपी राज्याने तेव्हा खुनाचा खटलाच भरला नाही, १९६७ मध्ये फेडरल (केंद्रीय) कोर्टात ७ जणांना कटाबद्दल शिक्षा झाली, सहा वर्षांच्या वर कुणीच आत राहिलं नाही. टोळी जमवणारा एडगर रे किलन दोषी ठरला तो थेट २००५ मध्ये, तोही सदोष मनुष्यवधासाठी.

चळवळ समजून घ्यायचीय तर १९६४ च्या त्याच ऑगस्टमधली, मिसिसिपीतल्या काळ्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांची डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीतल्या अधिवेशनातली साक्ष ऐका, आठेक मिनिटांचीच आहे. मतदार नोंदणीला गेल्या म्हणून १८ वर्षं राबलेल्या मळ्यावरून त्यांना कसं हाकललं, जेलमध्ये कसं मारलं, सगळं त्या स्वतः सांगतात. ती साक्ष टीव्हीवर लाइव्ह चालू असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी कॅमेरे आपल्याकडे वळवायला घाईघाईने पत्रकार परिषद घेतली, तरी रात्री चॅनेल्सनी ती देशभर दाखवलीच.