शिधापत्रिकेवर तुझे नाव आहे का?

सांगली

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला होता. तू जतहून सांगलीत शिकायला आलीस, विश्रामबागेत खोली मिळाली, मेसचीही सोय झाली, हे ऐकून बरे वाटले. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "एवढ्या लांब राहतेय, आजारी पडली तर काय करायचे?" त्या घाईत मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र थेट तुलाच लिहीत आहे. मिरजेतील रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांची कागदपत्रे पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्या टेबलापलीकडे तुझ्याच वयाची कितीतरी मुले मी गोंधळून उभी राहिलेली पाहिली आहेत.

त्यांतला एक मुलगा मी विसरलेलो नाही. रात्री सांगली-मिरज रस्त्यावर मोटारसायकल घसरून त्याच्या मांडीचे हाड मोडले होते आणि शस्त्रक्रिया करून रॉड टाकावा लागणार होता. वडील पहाटेच्या एसटीने आले, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली केशरी शिधापत्रिका घेऊन. रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णांना मदत करणारा कर्मचारी असतो, त्याला आरोग्यमित्र म्हणतात. त्याने ती उघडून पाहिली. तीत आजीचे नाव होते, थोरल्या बहिणीचे होते, या मुलाचे नव्हते. कार्ड काढल्यानंतर तो जन्मला आणि त्याचे नाव चढवायचे राहून गेले, ते अठरा वर्षे राहूनच गेले. वडील त्या पानावर बोट ठेवून वरून खाली नावे वाचत होते. तीन वेळा वाचली. पुढे तहसील कार्यालयात हेलपाटे घालून नाव चढवले गेले, पण तोवर चार दिवस मुलगा पायाला वजन लावून खाटेवर पडून होता. म्हणून तुला पहिले काम सांगतो ते हेच: घरच्या शिधापत्रिकेवर तुझे नाव आहे का आणि ते आधार कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, हे तू धडधाकट असतानाच पाहून घे.

या कार्डाचे महत्त्व का, तेही समजून घे. आपल्या राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. २०१८ मध्ये आलेली केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडली गेली. पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती असलेली ही सोय आता पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबांनाही मिळते आणि संपूर्ण कुटुंबासाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. मात्र उपचार योजनेच्या यादीत असावा लागतो आणि रुग्णालय योजनेत सामील असावे लागते. त्यामुळे रुग्णालयात पाऊल ठेवताच पैसे भरण्याच्या खिडकीकडे न जाता आधी आरोग्यमित्राचे टेबल शोधावे. ते सापडले नाही, किंवा कोणी उडवाउडवीची उत्तरे दिली, तर १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. ही योजना काय किंवा कंपनीची पॉलिसी काय, दोन्हींचा मुख्य आधार रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो, आणि विद्यार्थ्यांचे आजार बहुधा त्या पायरीपर्यंत जातच नाहीत. मेसच्या पाण्याने झालेली कावीळ, पावसाळ्यातला ताप, पाळीच्या तक्रारी, दाढदुखी, रक्त कमी होणे, यांतले बरेचसे बाह्यरुग्ण विभागातच निभावते आणि सर्वसाधारण पॉलिसी त्याचा खर्च देत नाही. यासाठी तुझ्याजवळ सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. केसपेपरला फार थोडे पैसे लागतात. रांग मोठी असते हे खरे, पण सकाळी लवकर गेलीस तर दुपारच्या तासांना परत येशील. औषधाच्या दुकानात लक्षणे सांगून गोळ्या घेण्याची सवय मात्र लावून घेऊ नकोस. कृष्णेचा पूर ओसरल्यावर चिखलातून चालणे झाले असेल आणि नंतर ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. चिखलातून गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांग, कारण वेळेवर निदान झाले तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी आटोक्यात येतो.

आता बाबांच्या नोकरीतल्या समूह विम्याविषयी. त्यात तुझे नाव आहे असे ते म्हणाले. त्या कार्डाची प्रत मागवून घे, फोनमध्ये फोटो ठेव आणि एक छापील प्रत पाकिटात ठेव, कारण अपघातात पहिल्यांदा फुटतो तो फोनच. अशा पॉलिसींत मुलांचे नाव बहुधा वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंतच राहते आणि बाबांनी नोकरी सोडली तर तुझे संरक्षणही त्याच दिवशी संपते. तो दिवस उजाडण्याआधी स्वतःच्या पॉलिसीची चौकशी करावी, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले ३० दिवस काही मिळत नाही, तर आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते.

पॉलिसी हातात आली की खोलीभाड्याची मर्यादा आधी वाच. माझ्या टेबलाशी सर्वांत जास्त भांडणे याच ओळीवरून झाली. समज, मर्यादा दिवसाला २,००० रुपयांची आहे आणि घरच्यांनी प्रेमापोटी ४,००० रुपयांची खोली घेतली. लोकांना वाटते की वरचे दोन हजार आपण भरू. अनेक पॉलिसींत तसे होत नाही. खोलीशी निगडित खर्च, म्हणजे डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, परिचर्या, हे सगळे त्याच प्रमाणात निम्म्यावर आणले जातात. औषधे आणि रॉड किंवा प्लेटसारख्या वस्तू तेवढ्या या कपातीतून वगळलेल्या असतात. खोली निवडण्याआधी विमा कक्षात हा आकडा विचारला असता, तर कित्येक बापांना डिस्चार्जच्या दिवशी सोने गहाण ठेवावे लागले नसते.

लहानपणापासून तुला दम्याचा त्रास आहे, हे मला माहीत आहे. उद्या कोणी एजंट म्हणेल, "ते लिहू नका, हप्ता वाढेल." त्याचे ऐकू नकोस. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरातून हमखास बाहेर येतो आणि मग दम्याचाच काय, दुसऱ्या आजाराचाही क्लेम अडतो. खरे लिहून थोडा जास्त हप्ता भरणे केव्हाही परवडते. यात माझे मत अगदी ठाम आहे.

शिवाय तुझे बँक खाते आहेच, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून घे. वर्षाला २० रुपये कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी ती आहे, उपचाराचा खर्च ती देत नाही, एवढे ध्यानात ठेव.

शेवटचा विषय लिहिताना माझा हात जड होतो, पण तो टाळणार नाही. पहिल्या सहामाहीत एखादा विषय राहिला, झोप उडाली, जेवणाची इच्छा मेली, खोलीतून बाहेर पडू नये असे वाटू लागले, तर तो आळस आहे असे स्वतःला बजावत बसू नकोस. तापासाठी जातो तसे शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. रात्री दोन वाजता बोलावेसे वाटले, तर टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही संरक्षण देणे बंधनकारक आहे, त्यामुळे विम्यात हे बसत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नकोस. आणि घरी कसे सांगावे असा प्रश्न पडला, तर आधी मला सांग. बाबांशी मी बोलेन.

पुढच्या रविवारी बाबा तुला भेटायला येणार आहेत. त्यांना मूळ शिधापत्रिका, तुझे आधार कार्ड आणि विम्याचे कार्ड बरोबर आणायला सांग, मग दुपारी दोघेही जेवायला घरी या. जेवण झाले की आपण तिघे बसून एकेक नाव, एकेक अक्षर ताडून पाहू. काही चुकलेले निघाले तर दुरुस्तीचा अर्ज मी तिथेच लिहून देईन, म्हणजे सोमवारी जतला परतल्यावर बाबांना तो तहसील कार्यालयात देता येईल.

तुझा,
काका