तिरक्या कडेवर कॉर्नर का दिसतात?

प्रश्न: फोटोतले कॉर्नर, म्हणजे दोन कडा मिळतात ते कोपरे, शोधायचा प्रोग्राम मी पायथॉनमध्ये स्वतः लिहिलाय. छोट्या विंडोत (फोटोच्या लहान चौकोनात) आडवा ग्रेडियंट आणि उभा ग्रेडियंट, म्हणजे शेजारच्या पिक्सेलमधला उजेडाचा फरक, काढतो, दोघांच्या वर्गांची बेरीज घेतो, दोन्ही मोठ्या आल्या की कॉर्नर. सरळ फोटोत मस्त चालतं, पण फोटो जरा तिरका असला की अख्ख्या कडेवर ठिपक्यांची रांग लागते, थ्रेशोल्ड (कितीच्या वर मोठं धरायचं ती मर्यादा) वाढवून पण जात नाही. काय चुकतंय?

उत्तर: थ्रेशोल्डला हात लावू नका, त्याचा काही दोष नाही. तुमच्या हिशोबात तिसरी बेरीज राहिलीये, आडवा गुणिले उभा, प्रत्येक पिक्सेलला गुणाकार करून मग बेरीज. आकडे घेऊन बघा ना. समजा खऱ्या कोपऱ्यावर वर्गांच्या बेरजा आल्या 50 आणि 50, आणि 45 अंशातल्या साध्या कडेवर पण 50 आणि 50च. तुमच्या प्रोग्रामला दोन्ही सारखेच दिसणार, त्याला कळणार तरी कसं! पण कोपऱ्यावर तिसरी बेरीज शून्याजवळ येते कारण एका बाजूच्या पिक्सेलला फक्त आडवा फरक आणि दुसऱ्या बाजूच्यांना फक्त उभा, आणि तिरक्या कडेवर दोन्ही फरक एकाच पिक्सेलला असतात म्हणून ती पण 50 येते.

आता या तिघांची 2 बाय 2 मॅट्रिक्स करा, मुख्य कर्णावर वर्गांच्या दोन बेरजा आणि उरलेल्या दोन जागी तिसरी बेरीज. डिटरमिनंट (वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार वजा तिसऱ्या बेरजेचा वर्ग) कोपऱ्यावर 2500, कडेवर शून्य. डिटरमिनंटमधून ट्रेसच्या (वर्गांच्या दोन बेरजा मिळवून येणाऱ्या आकड्याच्या) वर्गाचा 0.04 पट वजा करायचा, ट्रेस दोन्हीकडे 100, म्हणजे वजा होणार 400. कोपरा 2100, कड उणे 400. फोटो फिरवला तरी डिटरमिनंट आणि ट्रेस तेच राहतात, म्हणून हे इतकं सुंदर आहे असं मला मनापासून वाटतं. हॅरिस आणि स्टीफन्स यांनी 1988 मध्ये हेच मांडलं. त्याआधी मोराव्हेकची पद्धत होती, ती विंडो मोजक्याच दिशांना सरकवून बघायची, त्यामुळे मधल्या कोनातल्या कडा तिलाही फसवायच्या.

एवढं करूनही कडेवर तुरळक ठिपके उरले तर ते बहुतेक पिक्सेलच्या पायऱ्यांचे असतील, ग्रेडियंट काढायच्या आधी हलका गॉशियन ब्लर द्या, म्हणजे फोटो किंचित धूसर करा.