बांगडा की पीनट बटर?
डब्यावर '१०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन' वाचून हुरळू नकोस, मित्रा. १०० ग्रॅम पीनट बटर म्हणजे जवळजवळ ६०० कॅलरी! दोन मोठे चमचे खाल्लेस तर प्रोटीन जेमतेम ७-८ ग्रॅम, कॅलरी मात्र १९०च्या आसपास. तेवढ्याच कॅलरीत बांगडा २० ग्रॅमच्या वर प्रोटीन देतो, शिवाय बी-१२ जीवनसत्त्व आणि ईपीए, डीएचए हे ओमेगा-३ प्रकारचे मेद. शेंगदाण्यात ही तिन्ही नाहीत. फक्त रवा लावून तेलात पोहायला सोडू नकोस, तव्यावर चमचाभर तेल पुरतं.

पीनट बटर टाकाऊ नाही हं. फायबर त्यातच, ई जीवनसत्त्वही त्यात जास्त. सकाळी भाकरीला एक चमचा लाव, सपाट चमचा, डोंगर नाही. साखर घातलेलं घेऊ नकोस. घरी भाजलेले दाणे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरव, झालं.