नुसती सुपारी आणि गालातला पांढरा चट्टा

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी त्यांनी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातात. तिखटाने तोंडात आग होते, वडापावचा घास घेण्याइतकंही तोंड उघडत नाही. डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. हा कॅन्सर असेल का? शेजारी म्हणतात, तुकडा काढला की तो पसरतो.
– एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, तंबाखू सुटली हे फार मोठं काम झालं. पण सुपारीही सुटायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी.

सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साठतात आणि तिच्यातलं तांबं त्यांची वीण घट्ट करतं. मऊ गाल चामड्यासारखा ताठ होतो. हा बहुधा सबम्यूकस फायब्रोसिस. घरीच पाहा : वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये त्यांची स्वतःची तीन बोटं उभी मावतात का? दोनच मावत असतील तर ताठरपणा बराच वाढलाय.

चट्टा ओल्या कापसाने पुसून निघत नसेल तर तो ल्युकोप्लाकिया असू शकतो. अशा प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही. अस्तराच्या पेशी वर्षानुवर्षं बिघडत जातात, त्याला डिस्प्लेशिया म्हणतात. त्या अस्तरातच असेपर्यंत कॅन्सर नसतो. खालचा पातळ पडदा फोडून आत शिरल्या की कॅन्सर, आणि मग तो मानेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच माणसं मलम लावत महिने घालवतात. चट्ट्यात लाली असेल किंवा बोटाला तो कडक लागत असेल तर धोका जास्त.

बिघाड कुठवर आलाय हे नुसतं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यासाठीच बायोप्सी : जागेवर भूल, काही मिलिमीटरचा तुकडा, एखाद-दुसरा टाका. तिने कॅन्सर पसरत नाही. लोक तपासणी लांबवतात, तेवढ्यात रोग वाढतो आणि दोष मात्र ब्लेडला जातो.

याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे किंवा ओरल सर्जनकडे जा. नेरूळला डेंटल कॉलेज आहे, खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र. चट्ट्यावर दाताची धार घासत असेल तर ती गुळगुळीत करून घ्या. रिपोर्टमध्ये डिस्प्लेशिया आहे का, किती, हे विचारा. आणि तोंड किती मिलिमीटर उघडतं ते केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या खेपेला त्याच आकड्याशी ताडून पाहता येईल.